पदर आणि एक कोटी सदुसष्ट लाख रंग

श्रीरामपुरात स्टेशनमागच्या आमच्या गल्लीत पहिला रंगीत संगणक आणण्याचा मान माझा आहे, आणि गल्लीने तो मला कधीच नीट दिला नाही. रंगीत म्हणजे चार रंगांचा. काळा, पांढरा, एक भडक गुलाबी-जांभळा आणि एक निळसर हिरवा, जो मी निसर्गात फक्त बुरशी आलेल्या पावावर पाहिला आहे. पण एकोणीसशे पंचाण्णव साली चार रंग ही काही थोडी गोष्ट नव्हती. पुण्यातल्या एका कंपनीने मोडीत काढलेलं ते यंत्र मी एसटीतून मांडीवर घेऊन आणलं. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं आणि शेजारचे गृहस्थ नगर येईपर्यंत "यात अंडी आहेत का?" म्हणून विचारत होते.

संगणकाच्या पोटात एक हिरवी पट्टी असते, तिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. आत जे काही चाललेलं असतं ते पडद्यावर रंगांत उमटवायचं, एवढंच तिचं काम. पट्टी जेवढी नवी, तेवढे रंग जास्त. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवतो, त्यामुळे तारेतून वीज जाते आणि दुसरं काहीही जात नाही, या मताचा माणूस आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे या मताची बरीच ओढाताण होणार आहे.

उजेड पडला की पडद्यावर काही दिसायचं नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मी खिडक्या लावून त्यांवर गोधड्या टांगून बसायचो. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत काळोख, आणि त्या काळोखात गुलाबी-हिरवं झालेलं माझं तोंड. माधुरी, म्हणजे आमची सौभाग्यवती, चहाचा कप दारातूनच आत सरकवायची. "या खोलीत आलं की वाटतं, आपण कुणाच्यातरी मधे आलो," असं ती म्हणायची. मी तिला मॉनिटरच्या मागच्या पंख्याचा आवाज समजावून सांगायचो. ती ऐकून घ्यायची आणि तरीही आत यायची नाही.

अशाच एका दुपारी, साखर कारखान्याचा भोंगा नुकताच वाजून गेला होता, तेव्हा दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. मी ओळखलं, सहादूमामा. रेल्वेच्या फाटकावर चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आमच्यापासून तिसरं घर. जुन्या वळणाचा माणूस. कुणाच्याही घरात शिरण्याआधी ते उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचे, आतल्या बायामाणसांना पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून, आणि मनात तीन आकडे मोजून मगच पाऊल टाकायचे. आमची माधुरी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेसमध्ये, तिला सावरायला काही नसायचंच. तरी मामा खाकरायचे.

"सर, एक काम हुतं. तुमच्या यंत्रात मानूस काढता येतं म्हनं."

"चित्र काढता येतं मामा."

"त्येच. आमची भामाबाई माघात गेली. तिचा फोटो न्हाई."

त्यांनी काखेतून लेकीच्या लग्नाचा अल्बम काढला. भामाबाई त्यात सात फोटोंमध्ये होत्या आणि सातांतही नव्हत्या. एकात पंगतीला वाढणारा बांगड्यांचा हात. एकात पाठ. एकात शेजारी थोरले दीर उभे, म्हणून हनुवटीपर्यंत ओढलेला पदर. एकात अर्धा खांदा. आणि एकात डावा कान, तो मात्र कुडीसकट फार सुरेख आला होता.

"मतदार ओळखपत्र निघालं असेल ना गेल्या साली?"

तेही त्यांनी आणलं होतं. फ्लॅश उडाला तेव्हा भामाबाईंनी लाजून मान खाली घातली असावी. चौकटीत भांग होता, कुंकवाची कड होती आणि काळ्या केसांचा मोठा गोल होता. त्या गोलाखाली चेहरा असणार हे नक्की, पण तो जमिनीकडे बघत होता.

कदाचित फोटोग्राफरने दुसरा फोटोही काढला असेल, या आशेने मी मामांना घेऊन एका कचेरीत गेलो. कोणत्या, ते सांगत नाही, कारण मला अजून तिथून दाखले काढायचे असतात. तिथल्या साहेबांनी छापील अर्ज दिला. त्यात शेवटी लिहिलं होतं : मयताच्या फोटोच्या दोन प्रती जोडाव्यात.

"साहेब, फोटो असता तर आम्ही आलो असतो का?" मी विचारलं.

साहेबांनी थोडा विचार केला. "मग तुमचा अर्ज निकाली निघाला," ते म्हणाले आणि त्यांनी खरोखरच त्यावर शिक्का मारला.

परत येताना मामा स्टेशनच्या बाकावर बसले. मळीचा आंबूस वास सुटला होता.

"सर, भितीला टांगायला फोटो न्हाई, ह्याचं काई न्हाई वो," ते म्हणाले. "मला तिचं त्वांड आठवंना झालंय. आवाज आठवतो, चाल आठवती, हात आठवतो. तोंडावर नुस्तं धुकं हाय. चाळीस वर्सं संसार केला, पन समोर बसवून बघितलं कधी? घरात धा मान्सं. ती पदरात, मी ड्युटीवर. रोज थोडं थोडं पुसतंय. म्हंजे ती दुसऱ्यांदा चाललीया, आन मी नुस्ता बघत बसलोय."

मला चित्रकला येत नाही, शाळेत माझ्या मोराला मास्तर आजारी कोंबडी म्हणत, हे सगळं सांगायचं सोडून मी म्हणालो, "मी काढतो मामा."

पडद्यावरचं चित्र म्हणजे बारीक चौकोनांची जाळी असते. माधुरीने जाळीच्या कापडावर टाके घालून दोन हंस आणि एक स्वागतम् केलेलं, त्यामुळे तिला ते माझ्याआधी समजलं. दारात उभी राहूनच तिने सांगितलं, "आधी कान भरा. खरा माहीत आहे तो तेवढाच आहे." मी कान भरला. मग कानाला धरून गाल, गालाला धरून हनुवटी, असं आठवडाभर चालू होतं. मामा शेजारी खुर्चीवर. कशी होती, हे त्यांना सांगता यायचं नाही. कशी नव्हती, हे मात्र ते लगेच सांगायचे.

"न्हाई. अशी न्हवती."

मी दोन चौकोन पुसायचो.

"न्हाई."

आठव्या दिवशी चेहऱ्यासारखं काहीतरी झालं. शेजारचे बन्सीभाऊ, निवृत्त पोस्टमन, तालुक्यातली सगळी तोंडं आपल्याला पाठ आहेत असं सांगणारे, ते बघायला आले. निळसर हिरवी कातडी, गुलाबी डोळे. बन्सीभाऊ दोन पावलं मागे सरले आणि मला म्हणाले,

"नाथराव, मी इतकी वर्सं पत्रं वाटली, पन असलं त्वांड पत्र घ्यायला कधी भाईर आलं न्हाई. हिला बारवेतून काढल्यावानी दिसतंय."

मला राग आला. पण त्या कार्डात चार रंगांचा आणखी एक संच होता : काळा, हिरवा, तांबडा आणि मातकट पिवळा. मी एक आज्ञा टाइप केली. एका क्षणात सगळी खोली हिरव्या-तांबड्या उजेडाने भरून गेली आणि मामा खुर्चीवरून उठले.

"ही हाय," ते म्हणाले. आवाज असा की बन्सीभाऊंनी दाराची कडी धरली. "फाटकावर भाकर घिऊन यायची. हातबत्तीची एक काच तांबडी, एक हिरवी. तितं दुसरं कोन नसायचं. मंग पदर जरा मागं घ्यायची. त्या उजेडात ही अशी दिसायची."

नेमकी तेव्हाच वीज गेली. पडदा मिटला, मधोमध एक पांढरा ठिपका राहिला आणि तोही विझला. मामा मात्र त्या काळ्या काचेकडे बघतच राहिले. "अजून हाय," असं ते पुटपुटले. आम्ही दोघांनीही वाकून बघितलं, आम्हाला काही दिसलं नाही. मिनिटभराने त्यांनी मान हलवली. "गेली."

खरं म्हणजे मी तिथेच थांबायला हवं होतं. त्यांना हवं ते त्यांनी पाहिलं होतं. पण माझ्यातला तंत्रज्ञ दुखावला गेला. तांबडं-हिरवं माणूस भिंतीवर कसं लावणार? मी ऐटीत म्हणालो, "मामा, थोडं थांबा. मी भामाबाईंना खऱ्या रंगात आणतो."

"आणतो नका म्हणू," माधुरी स्वयंपाकघरातून ओरडली. "काढतो म्हणा."

पण मी बोलून गेलो होतो.

मेन रोडवर रविराज नावाच्या तरुणाचं संगणकाचं दुकान होतं. त्याने सोळा रंगांचं कार्ड आणून दिलं आणि इथून माझ्या संसाराला उतरती कळा लागली. कार्ड आलं, तर जुन्या मॉनिटरला त्याची पिन बसेना. नवा मॉनिटर आणला, तर टेबल वाकलं. टेबलाला लाकडी ठोकळा लावला, तर ठोकळ्यात वाळवी निघाली. शेवटी सगळं माधुरीच्या शिलाईमशीनच्या पाटावर आलं आणि दोन हंसांना पुढे भाऊबंद मिळाले नाहीत. प्रत्येक वेळी रविराज एकच वाक्य म्हणायचा, "सर, यापुढे काही लागणार नाही." मी त्याच्यावर विश्वास ठेवायचो, कारण न ठेवून कुठे जाणार?

सोळा रंगांत काम सुरू झालं तशी बातमी फिरली आणि माझ्या खोलीत एक समितीच बसू लागली. बन्सीभाऊंचं मत, भुवया जाड होत्या. कुणाचं मत, कपाळ अरुंद होतं. एकाने कधीही न पाहिलेल्या भामाबाईंच्या दातांबद्दल दहा मिनिटं वाद घातला. नाकाचं काही केल्या जमेना, म्हणून मामांनी पुणतांब्याहून त्यांच्या धाकट्या मेहुणीला, गोजरबाईंना आणलं. नाक दोघींचं एकच, असं त्यांचं म्हणणं. गोजरबाईंना मी मॉनिटरशेजारी स्टुलावर बसवलं आणि पडद्यावरची फाइल उघडली.

गोजरबाई पडद्याकडे बघायच्या आधी ऐसपैस बसल्या होत्या. बघितल्यावर त्या चटकन उठल्या आणि त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"थोरली बहीन हाय ती," त्या म्हणाल्या. "तिच्यासमूर डोई उघडी कशी ठिवू?"

नाक अजून काढायचं होतं. डोळे अर्धवट होते. आणि तरी त्या बाई स्टुलावर पुन्हा बसायला तयार नव्हत्या, उभ्यानेच त्यांनी नाक दाखवलं. "माझंच हाय, पन तिचं जरा मवाळ हुतं," एवढं सांगून त्या दुपारच्याच गाडीने पुणतांब्याला परत गेल्या. चहा घेतला नाही.

नाक बसलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला एक काळा चौकोन आहे. तो मी भरलेला नव्हता. हात चुकून बटणाला लागला असणार. मी तो पुसायला गेलो, तोच मामांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नका. तितं तीळ व्हता."

"मला तुम्ही सांगितलं नव्हतं."

"मलाच आत्ता आठवला."

हात चुकून लागतो, हे मी वायरमनच्या पोरांना रोज सांगतो, त्यात नवल नाही. फक्त चुकून लागलेला हात इतक्या नेमक्या जागी लागला, एवढंच.

आता पुढचं ऐका. त्या दिवसांत मी संगणक बंद करून लगेच चालू केला की, काहीही उघडण्याआधी, पापणी लवेपर्यंत पडद्यावर तो चेहरा यायचा. फाटलेला, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि जायचा. कारण साधं आहे. कार्डाला स्वतःची मेमरी असते, ती पुसली जाईपर्यंत जुनं चित्र तिच्यात राहतं. हे मी माधुरीला कागदावर आकृती काढून समजावलं. तिने आकृती नीट बघितली. "म्हणजे त्या पट्टीला आठवतं," ती म्हणाली. मी म्हणालो, तसं म्हणता येणार नाही. ती म्हणाली, मग कसं म्हणायचं? त्या दिवसापासून तिने चहा दारातही ठेवणं बंद केलं, मी स्वयंपाकघरात जाऊन प्यायचा असं ठरलं.

आणखी एकदा मामांनी हात लांब करून पडद्यावरच्या गालाला बोटं लावली. चालू मॉनिटरच्या काचेवर स्थिर विद्युत असतेच. बारीक कडकड झाली आणि मामांच्या हातावरचे पांढरे केस उभे राहिले. मी घाईने स्थिर विद्युत समजावू लागलो, पण ते ऐकत नव्हते.

"शहारली," ते म्हणाले. "माजा हात खरबरीत. ती नेहमी अशीच शहारायची."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी विद्युतभारावर बोलत होतो. माझी मलाच लाज वाटली.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात रविराज धावत घरी आला. एक मेगाबाइटचं कार्ड आलं होतं. रंग किती? एक कोटी सदुसष्ट लाख. अर्थात त्यासाठी मदरबोर्ड बदलावा लागला, मदरबोर्डसाठी डबा बदलावा लागला, आणि डबा बदलल्यावर जुन्या यंत्राचं फक्त बटण शिल्लक राहिलं. मी मामांना मोठ्या अभिमानाने आकडा सांगितला.

"एक कोटी सदुसष्ट लाख," त्यांनी सावकाश म्हणून बघितलं. "तिच्यापाशी तीन लुगडी हुती, सर."

मग मी महिनाभर राबलो. कातडीचा उन्हाने रापलेला रंग, कपाळावर गोंदलेला हिरवट ठिपका, डोळ्यांखालची सावली. एका रविवारी भर दुपारी शेवटचा ठिपका भरून मी हात काढला. समिती मागे उभी होती. पडद्यावर बाई होती. चित्र नव्हतं ते. ती आमच्या मागे, दाराकडे बघत होती आणि आपण इथे कशा आलो हे तिला कळत नसावं, असं तिच्याकडे बघून वाटत होतं. बन्सीभाऊंनी तर मागे वळून दाराकडे पाहिलंसुद्धा.

वर्षभराच्या मेहनतीनंतर माणूस दोन कौतुकाच्या शब्दांची अपेक्षा करतो. मी मामांकडे बघितलं. ते रडले नाहीत, हसले नाहीत. पाच मिनिटं ते नुसते बघत राहिले. वर्षभर 'न्हाई' म्हणणारा माणूस एकदाही 'न्हाई' म्हणाला नाही.

"हीच," ते शेवटी म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, खालच्या आवाजात : "सर, आता पदर वढा."

"काय?"

"हितं पाच-सात बाप्ये हुबे हायेत. ती अशी उघड्या तोंडानं कधी हुबी ऱ्हायली न्हाई. बगा की, कशी अवघडलीय. मी बगितलं, माजं काम झालं. आता पदर वढा."

मी खूप समजावलं. मी दुखावलो होतो, आणि का दुखावू नये? त्या कपाळाला मी आठ दिवस दिले होते. पण मामांनी हात जोडले. शेवटी समितीला बाहेर काढलं आणि मी भामाबाईंच्या चेहऱ्यावर, नाकाच्या शेंड्यापर्यंत, हिरव्या लुगड्याचा पदर ओढला. खाली ओठ, तीळ आणि हनुवटी तेवढी राहिली. आणि मग सवयीने, दुसऱ्या नावाने प्रत न ठेवता, मी फाइल जतन केली. पदराखालचा चेहरा गेला. ते कळायला मला एक मिनिट लागलं आणि मी डोकं धरून बसलो. मामा मात्र समाधानाने म्हणाले, "आता बरं वाटतंय तिला."

त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की दुसऱ्या दिवशी मला तो चेहरा आठवेना. मी एकेक ठिपका स्वतः भरला होता, तरी आठवेना. बन्सीभाऊंना विचारलं, ते म्हणाले गोल होता. दुसरा म्हणाला लांबट होता.

रंगीत छपाईची सोय गावात नव्हती, म्हणून स्टुडिओवाल्याला बोलावून पडद्याचाच फोटो काढायचं ठरलं. पहिल्यांदा त्याचा फ्लॅश उडाला. त्या फोटोत नुसती चमकलेली काच आली आणि काचेत आमची प्रतिबिंबं : कॅमेरेवाला, मी, मामा, आणि मागे दाराशी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. मी माधुरीला विचारलं. ती म्हणाली, "मी आयुष्यात डोक्यावर पदर घेतला नाही, आणि त्या खोलीत तर मुळीच येत नाही." तो फोटो स्टुडिओवाल्याने पैसे न घेता दिला आणि निगेटिव्हही देऊन टाकली. दुसरा फोटो, फ्लॅशविना काढलेला, चांगला आला. मामांनी तो चौकटीत बसवून घरी लावला. हार घातला नाही.

पुढची दोन वर्षं शांततेत गेली. अठ्ठ्याण्णव साली रविराजने थ्रीडी कार्ड आणलं. सपाट चित्राला खोली देणारं, आठ मेगाबाइटचं, बंद खोक्यातलं, अगदी कोरं. ते बसवल्यावर मी काय केलं असेल? एका दुपारी खिडक्या लावल्या, गोधड्या टांगल्या आणि कुणाला न सांगता ती जुनी फाइल उघडली. खोटं कशाला बोलू, मी अधूनमधून उघडायचो. पदराखालून काही दिसतं का, हे बघायला. इतके रंग आहेत तर एखादा आरपार जात असेल, अशी माझी एक वेडगळ आशा होती.

फाइल उघडली आणि पडद्यावर दोन डोळे आले.

अर्धा क्षण. दचकलेले. न सांगता दार उघडल्यावर आतलं माणूस जसं बघतं तसे ते माझ्याकडे बघत होते. आणि मग पदर आला. पण मी ओढलेला नाही. मी नाकापर्यंत ओढला होता. हा हनुवटीखाली गेला होता. ओठ नाहीत, तीळ नाही. नुसतं हिरवं लुगडं.

मी फाइलची तारीख बघितली. शहाण्णवची, त्याच रविवारची. नंतर कुणी हात लावलेला नव्हता. मग मला माझी आकृती आठवली : कार्डाच्या मेमरीत जुनं चित्र राहतं. आणि लगेच हेही आठवलं की हे कार्ड तासाभरापूर्वी खोक्यातून निघालेलं आहे. त्याला जुनं असं काही नाही.

मी अनवाणीच मामांच्या घरी गेलो. रस्ता तापलेला होता, पाय भाजत होते. दार लोटलेलं होतं आणि आतून मामांच्या हसण्याचा आवाज येत होता. गेल्या तीन वर्षांत ते हसलेले मी ऐकले नव्हते. मी तसाच दार ढकलून आत शिरलो.

मामा भिंतीसमोर पाटावर बसले होते, ताटलीत अर्धी भाकरी. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर तो फोटो. त्यातला पदरही हनुवटीखाली गेलेला होता, आणि तो स्थिर होता की नुकताच स्थिर झाला होता, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

"या सर," मामा म्हणाले. रागावलेले नव्हते, पण जरा अवघडले होते. "बसा. पन खाकरून यावं की जरा."

"मामा," मी विचारलं, "हा पदर... एवढा खाली होता?"

"तुमी आलात नव्हं."

मी खाली बसलो. मग मी तीन वर्षांपूर्वी स्टेशनच्या बाकावर जे ऐकलं होतं तेच विचारलं. "आता चेहरा आठवतो, मामा?"

"आठवायचं कशाला? रोज बगतो की. दार लावलं की घेती मागं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. माझ्या अंगावरून मुंगी चालल्यासारखं झालं आणि त्याच वेळी, का कोण जाणे, फार बरंही वाटलं. मी निघालो तसे त्यांनी उंबऱ्याशी मला थांबवलं.

"सर, राग मानू नका. ती म्हनत हुती, सर मानूस चांगला हाय, लई कष्ट घेतले. पन न सांगता दार उघडतो."

मी मामांना फाइलबद्दल एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं. खिडक्या बंद होत्या, गोधड्या टांगलेल्या होत्या.

त्यानंतर मी आणखी एक कार्ड बदललं, आणखीही बदलीन. ती फाइल मी पुन्हा उघडलेली नाही आणि पुसलेलीही नाही. पण संगणक चालू करायच्या आधी आता मी जरा थांबतो, खाकरतो, मनात तीन आकडे मोजतो आणि मगच बटण दाबतो. माधुरीला वाटतं मला धुळीचा त्रास आहे, म्हणून ती रोज आल्याचा काढा करते आणि मी तो न बोलता पितो.